पडलेल्या झाडावरची चौदा घरटी

"पोलीस म्हणतात, माझे वडील शुक्रवारी गेले," ती म्हणाली. "मग शनिवारी सकाळी फडकं वर कोणी चढवलं?"

वहिनींनी कप खाली ठेवला. भाऊजींनी आपला कप तोंडाशीच धरून ठेवला, कारण चहा गरम होता आणि प्रश्न त्यांना कळला नव्हता.

वहिनी म्हणजे खासगी तपास करणाऱ्या बाई. सव्वीस वर्षं त्यांनी दस्तऐवज तपासण्याच्या खात्यात शाई आणि कागद पाहण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यावर माणसं पाहायला सुरुवात केली होती. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते गाडी चालवत, सामान उचलत आणि दर प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घेत. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"नीट पहिल्यापासून सांग, पोरी," वहिनी म्हणाल्या.

तिने सांगितलं. तिचे वडील पाणथळीचे राखणदार. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पाणथळीच्या मधल्या बेटावर ते एकटे राहत. त्या दोन महिन्यांत शनिवार सोडून बेटावर कोणी जायचं नाही, असा नियम त्यांनीच घातलेला. रोज उजाडताना ते काठीवर पांढरं फडकं चढवत आणि सूर्य बुडायच्या आत उतरवत. फडकं वर दिसलं की काठावरचे लोक म्हणत, म्हातारा ठीक आहे.

"काल शनिवार. मी, माझे यजमान आणि पक्षी निरीक्षक मंडळाचे चिटणीस होडीतून गेलो. फडकं वर होतं. मी हाका मारल्या. झोपडी रिकामी, होडी जागेवर नाही. नोंदीचं पान शुक्रवारपर्यंत भरलेलं, बाबांच्याच अक्षरात. आणि दुपारी ते..." तिने ओठ आवळले. "दक्षिणेला पाणी सोडायचं दार आहे, त्याच्या जाळीला ते सापडले. डोक्याला मार होता."

"आणि पोलिसांनी तुझ्या यजमानांना धरलं?"

"दाराची किल्ली त्यांच्याकडे असते. शुक्रवारी सकाळी चार तास ते तिथे एकटेच जाळीतलं शेवाळ काढत होते. त्याआधीच्या शनिवारी त्यांचं बाबांशी कडाक्याचं भांडण झालं होतं, ते चिटणिसांनी ऐकलं. कशावरून भांडलात विचारलं, तर गप्प बसतात. माझ्याशीसुद्धा गप्प! उद्या सकाळी त्यांना शहरात नेणार आहेत." ती रडली नाही. तिचा आवाज मात्र फाटला. "बाई, वडील गेले. आता हेही जाणार. आणि लोक म्हणतात म्हातारा अजून मोजतोय."

"काय मोजतोय?"

"घरटी. बेटासमोर पाण्यात एक वाळलेलं झाड होतं. त्यावर पाणकावळ्यांची घरटी असायची. बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला वादळ आलं आणि ते झाड पडलं. इकडच्या काठावरून सगळ्यांनी पाहिलं. आणि बाबांच्या पानावर गुरुवारी लिहिलंय, पाणकावळे, घरटी चौदा. शुक्रवारी परत चौदा."

भाऊजींना चहाचा चटका बसला.

*

फौजदार तसे सभ्य होते, पण त्यांना घाई होती.

"बाई, यात कोडं कसलं? शुक्रवारी पहाटे म्हाताऱ्याने नोंद केली, म्हणजे तोवर जिवंत. शुक्रवारी दाराजवळ फक्त जावई. प्रेत जावयाच्या दाराशी. जखम जाड, गोल लाकडाची. होडी ढकलायचा बांबू."

"शनिवारच्या फडक्याचं काय?"

"कोणीतरी चावटपणा केला असेल."

"दोन महिने शनिवारच्या फेरीशिवाय कोणी बेटावर पाय ठेवत नाही, आणि चावटपणा नेमका शनिवारी पहाटे?"

फौजदारांनी कान खाजवला.

"डॉक्टर काय म्हणतात? कधी मेला?" वहिनींनी विचारलं.

"पाणी इतकं गरम आहे, की एक दिवस की चार, सांगता येत नाही म्हणतात. जखमेत सालपटांचे कण होते, एवढंच जास्तीचं." त्यांनी टेबलावर एक पिशवी उलटी केली. "हे खिशातलं सामान. चाकू, काडेपेटी आणि ही दोरी. वेळ जात नसेल, मारत बसला असेल गाठी."

वहिनींनी दोरी बोटांत धरून सरकवली. त्यांचे ओठ हलत होते. गाठींचे गट होते आणि दोन गटांमध्ये वीतभर मोकळी दोरी. त्यांनी भिंग काढलंच नाही. डोळे मिटून बोटांनीच त्या मोजत होत्या.

"चौदा, चौदा, तेरा, तेरा," त्या म्हणाल्या. "आणि शेवटी सात. पुढे दोरी मोकळी आहे."

"मग?" भाऊजी म्हणाले.

"मग काही नाही. जावयाला भेटू."

जावई बाकावर बसला होता. उंच, रापलेला माणूस. वहिनींनी भांडणाचा विषय काढताच त्याने मान खाली घातली.

"ताई, मी त्यांना हात लावला नाही. याहून जास्त मला विचारू नका."

"चिटणिसांनी ऐकलं, की तू ओरडलास, 'एक दिवस मराल इथे!'"

"ओरडलो."

"का?"

"शब्द दिलाय."

"मेलेल्या माणसाला?"

"तेव्हा जिवंत होते ना," तो म्हणाला. "शब्द त्यामुळे कमी होतो का?"

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा खुनी नाही. चिटणीस. मला त्याचा संशय येतोय."

"अजून तुम्ही त्याला पाहिलंही नाही, भाऊजी."

"म्हणून तर."

*

चिटणीस म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मंडळाच्या कचेरीत भिंतीवर चतुर आणि टाचणी या उडत्या किड्यांची चित्रं ओळीने लावलेली होती आणि टेबलावर नोंदींच्या पानांची चळत. शनिवार ते शुक्रवार, एका आठवड्याचं एक पान. दर शनिवारी जुनं पान आणायचं, नवं कोरं द्यायचं.

"तीस वर्षांची पानं आहेत," ते म्हणाले. "पण यंदा म्हातारबुवांनी खाडाखोडीचा कळस केला होता. हे बघा. बाराचे अकरा, नऊचे दहा. मी दर वेळी बोलायचो. हे शेवटचं पान तेवढं स्वच्छ, एक रेघ खोडलेली नाही. मेल्यावर सुधारले म्हणायचं!" आपणच काय बोललो हे लक्षात येऊन ते घाईघाईने म्हणाले, "म्हणजे वाईटच झालं हो."

वहिनींनी जुनी पानं भिंगाखाली धरली. "खाडाखोड नेहमी दुसऱ्या शाईने आहे. एका पानावरची सगळी दुरुस्ती एकाच शाईने."

"असेल. आमचं लक्ष आकड्यांवर असतं."

मग वहिनींनी शेवटचं पान घेतलं. मोठं, जरा वाकडं अक्षर. पाणकावळे, घरटी चौदा, असं सातही ओळींत. पानावर पावसाच्या थेंबांचे डाग होते. शुक्रवारच्या ओळीवर एक थेंब नेमका आकड्यावर पडला होता आणि चौदाची शाई निळी होऊन फुटली होती.

"हे पान कुठे होतं?"

"लपणात. लपण म्हणजे पक्षी पाहायची लाकडी खोली, झोपडीला लागूनच. फटीसमोर फळीवर पान टाचलेलं असतं. वादळात पाऊस आत आला असणार."

"बुधवारनंतर पाऊस?"

"छे! एक थेंब नाही. उलट पाणी फार चढलं म्हणून गुरुवारी सकाळी दक्षिणेचं दार उघडायला लावलं मी. केवढी ओढ होती पाण्याला!"

"आणि वादळानंतर म्हाताऱ्याची चौकशी करायला कोणी गेलं नाही?"

चिटणिसांचा चेहरा पडला. "गुरुवारी उजाडताच सगळे काठावर जमलो होतो, बाई. फडकं वर दिसलं. म्हटलं, बरा आहे. नियम त्यांचाच. मोडला असता तर त्यांनी आम्हाला फाडून खाल्लं असतं."

दारात एक गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस उभा होता. हा फोटोवाला. राखणदाराने त्याला महिन्याभरापूर्वी सगळ्यांदेखत हाकलून दिलं होतं, हे सांगायची कोणाला गरज पडली नाही. त्यानेच सांगितलं.

"मला झाडापासून पन्नास हात लांब ठेवायचा. स्वतः मात्र रोज सकाळी होडी घालून थेट झाडाखाली! एकेका घरट्याखाली बसून राहायचा, मान खाली घालून. वर बघायचासुद्धा नाही. मी लांबून पाहिलंय. पक्षी त्याला काही करत नव्हते आणि मला बघून उडायचे. हा काय न्याय?"

"बुधवारी पाहिलंस?"

"बुधवारी मी शहरात होतो. परतलो गुरुवारी संध्याकाळी." त्याने कॅमेऱ्यातला एक फोटो उघडून दाखवला. "हा गुरुवारचा सूर्यास्त. सूर्य बुडून दहा मिनिटं झाली होती, पाणी जांभळं झालेलं. असा रंग वर्षात एकदा मिळतो. आणि नेमका कोपऱ्यात हा पांढरा ठिपका आला. ते मेलं फडकं! फोटोचा सत्यानाश झाला."

"नाही झाला," वहिनी म्हणाल्या. "जपून ठेव हा फोटो."

भाऊजींनी त्यांना बाजूला ओढलं. "वहिनी, बदलतो मी. चिटणीस नाही. हाच!"

*

चार वाजता ते होडीत बसले. लेक बांबूने होडी ढकलत होती, कारण ते काम करणारा जावई कोठडीत होता. चिटणीस आणि फौजदार मागच्या होडीत होते.

वहिनींनी तिच्या हातातल्या बांबूवरून तळवा फिरवला. वर्षानुवर्षं हात लागून तो गुळगुळीत झाला होता. "हाच तुझ्या यजमानांचा बांबू ना?"

"हो."

बोरूच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, भिंती दोन्ही बाजूंनी जवळ येत गेल्या. वारा अजिबात नव्हता, तरी आत कुठेतरी काहीतरी सरकत होतं. आणि मग तो आवाज आला. रिकाम्या बाटलीत कोणी फुंकावं तसा, खोल, पाण्यातूनच आल्यासारखा. एकदा. थोडं थांबून परत.

भाऊजींनी होडीची कड घट्ट धरली. "ऐकलंत?"

"तपस बगळा आहे, काका," लेक म्हणाली. "बोरूत लपून ओरडतो. लोक आता म्हणतात बाबाच कण्हतात." तिने बांबू पाण्यात रोवला. "काल मलाही वाटलं."

बोरू संपला आणि बेट समोर आलं. फडकं काठीवर होतं. अजूनही. त्याची कड सुटून दोरे लोंबत होते. झोपडीच्या छपरावर पाणकावळे बसले होते, वीस-पंचवीस तरी, पंख पसरून, सगळे एकाच दिशेला तोंड करून. होडी लागली तरी एकही हलला नाही. ते जिकडे पाहत होते तिकडे पाण्यात ते झाड आडवं पडलेलं होतं, फांद्यांचा काळा ढीग घेऊन.

"हे असेच बसून असतात बुधवारपासून?" भाऊजींनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

वहिनी झोपडीकडे वळल्या.

झोपडीत अंथरूण नीट घडी केलेलं होतं. वहिनींनी खुंटीवरची दुर्बीण काढली. दोन नळ्यांच्या मधे कोळ्याचं जाळं होतं, जुनं, धूळ बसलेलं. मग त्या दारात आल्या. दारापासून लपणापर्यंत, लपणापासून काठीपर्यंत, काठीपासून होडीच्या खुंटापर्यंत कंबरेच्या उंचीवर दोर बांधलेला होता.

"हा दोर कधीपासून?"

"यंदाच बांधला," लेक म्हणाली. "वादळात धरायला, म्हणाले."

"त्याआधीच्या शनिवारी तू त्यांना भेटलीस. काही वेगळं वाटलं?"

तिने आठवून पाहिलं. "मी अगदी समोर उभी होते आणि त्यांनी यजमानांना विचारलं, 'ती नाही आली का आज?' मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतायत." तिचा हात दोरावर गेला आणि तिथेच थांबला.

वहिनींनी फौजदारांकडे पाहिलं. "साहेब, दोन माणसं झाडाकडे पाठवा. फांद्या कापायला लावा. खाली होडी असेल."

"कोणाची होडी?"

"राखणदाराची. चेपलेली."

*

माणसं कामाला लागली. बाकीचे लपणात बसले. फटींमधून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या. बाहेर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते.

"आपण सगळे एकाच खिळ्याला अडकलो होतो," वहिनी म्हणाल्या. "शुक्रवारची नोंद त्यांच्या अक्षरात आहे, म्हणून शुक्रवारी ते जिवंत. अक्षर त्यांचंच आहे, यात शंका नाही. पण ते शुक्रवारी लिहिलेलं नाही."

"मग कधी?" फौजदार म्हणाले.

"हा थेंब पाहा." वहिनींनी कचेरीतून आणलेलं शेवटचं पान उन्हाच्या पट्टीत धरलं. "शाईवर पडलाय आणि शाई फुटलीय. पाऊस फक्त बुधवारी सकाळी पडला. म्हणजे बुधवारी सकाळी शुक्रवारची ओळ आधीच लिहिलेली होती. झाड पडायच्या आधी. म्हणून पडलेल्या झाडावर चौदा घरटी. भूतबीत कोणी मोजत नव्हतं."

चिटणीस ताठ झाले. "म्हणजे आठवडाभराचं आधीच लिहून टाकायचे? तीस वर्षं आम्ही..."

"तीस वर्षं नाही. यंदाच. दुर्बिणीत कोळी राहतोय. चालायला दोर लागतोय. समोर उभी असलेली लेक दिसत नाही. त्यांचे डोळे गेले होते, चिटणीस."

लेकीने तोंडावर हात धरला.

"भर दुपारी, दारात बसून, कागद नाकाशी धरून थोडंफार लिहिता येत असेल. लपणातल्या अंधारात रोज उभं राहून लिहिणं शक्य नव्हतं. आणि कोणी अचानक आलं नि पान कोरं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांना इथून उठवलं असतं. म्हणून कोरं पान मिळालं की शनिवारीच सगळं भरून ठेवायचं, अंदाजाने."

"ही फसवणूक झाली!" चिटणीस म्हणाले.

"झाली असती," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "खाडाखोड विसरलात? अंदाज शनिवारी, पण मोजणी रोज. होडी घालून झाडाखाली जायचं, मान खाली घालून पिलांचा आवाज ऐकायचा, एका घरट्याला एक गाठ. पुढच्या शनिवारी तुम्ही यायच्या आत गाठी चाचपून चुकलेले आकडे दुरुस्त करायचे, एका बैठकीत, एका शाईने. तुमच्याकडे जे पान आलं ते प्रत्येक खरं होतं. हे शेवटचं तेवढं स्वच्छ आहे, कारण ते दुरुस्त करायला ते शनिवारपर्यंत राहिले नाहीत."

वहिनींनी दोरी फळीवर पसरली.

"शनिवार चौदा, रविवार चौदा, सोमवार तेरा, मंगळवार तेरा. बुधवार सात."

"बुधवारी घरटी सातच होती?" भाऊजींनी विचारलं.

"बुधवारी मोजणी सातपर्यंत आली होती, भाऊजी. आठव्या घरट्याखाली होते तेव्हा झाड आलं. ढग दिसायला डोळे नव्हते. वारा वाढलेला कळला असेल, पण सहा राहिली होती ना."

फौजदारांनी टोपी काढली. "सालपटं," ते हळूच म्हणाले.

"हो. जावयाचा बांबू गुळगुळीत आहे. साल त्या झाडाची. झाडावर कोणी संशय घेतला नाही, कारण झाड बुधवारी पडलं आणि म्हातारा तर शुक्रवारी लिहीत होता! गुरुवारी दार उघडलं, पाण्याने ओढून त्यांना दक्षिणेला नेलं आणि शुक्रवारी जावई ज्या शेवाळाला हात घालत होता त्याच्या खाली..." लेकीकडे पाहून त्या थांबल्या.

"फडकं?" चिटणिसांनी विचारलं. खरं तर त्यांना उत्तर कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

"बुधवारी उजाडताना त्यांनी चढवलं. उतरवायला कोणी नव्हतं. रात्री ते दिसत नाही आणि सकाळी तुम्हाला वाटायचं, आजचं आहे. गुरुवारी सूर्य बुडाल्यावरही ते वर होतं, फोटोत आहे. ज्या माणसाने ते एकदाही सूर्यास्तानंतर वर ठेवलं नाही, त्याचं फडकं."

चिटणीस खाली बसले. "आम्ही काठावर उभे होतो," ते म्हणाले. "हात हलवला मी गुरुवारी. फडक्याकडे बघून."

बाहेरून हाक आली. फांद्यांखाली होडी होती, मधोमध मोडलेली.

*

तासाभराने फौजदारांनी जावयाला स्वतः होडीतून बेटावर आणलं. लेक खुंटाशी उभी होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"सांगत होतो त्यांना, उतरा आता इथून. म्हणाले, पोरीला कळलं तर ती रोज रडेल. शपथ घ्यायला लावली." त्याने तिच्याकडे पाहिलं. "चुकलो मी. तुला सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं." आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून ती पहिल्यांदा रडली, मोठ्याने, कोणाची पर्वा न करता. छपरावरचे पाणकावळे एकदम उडाले आणि पाण्यावरून लांब निघून गेले.

मग तिने डोळे पुसले आणि चिटणिसांकडे हात पुढे केला. "पेन द्या."

लपणात जाऊन तिने पान फळीवर ठेवलं. दोरी चाचपत सोमवारचे चौदा खोडून तेरा केले, मंगळवारचे तेरा. गुरुवार आणि शुक्रवार खोडले आणि तिथे काही लिहिलं नाही. बुधवारच्या ओळीत तिने सात लिहिलं.

चिटणीस चाचरले. "पण... झाडावर त्या दिवशी घरटी तेराच असणार. सात हा आकडा तसा बरोबर नाही."

"बाबांनी सात मोजली," ती म्हणाली.

चिटणिसांनी पान घेतलं, आकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ते घडी न करता पाकिटात ठेवलं.

सूर्य बोरूला टेकला होता. लेक दोर धरून काठीपर्यंत गेली. डोळे मिटूनच गेली, भाऊजींनी पाहिलं. तिने गाठ सोडली, फडकं खाली घेतलं, चौघडी केली आणि पदराखाली धरलं.

"चला," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत पोचू."